वीस झेंडे

शेडमध्ये एक गाडी होती. चाकं आठ: चार गाडीला लावलेली, चार भिंतीला टेकवून ठेवलेली, त्यांपैकी दोन टायरांचं रबर नखाने उकरलं तरी तुकडे पडत होते. सीट एकच, ड्रायव्हरची. बाकीच्या सीटा, दारांची आतली पॅनेलं, छताचं कापड, सगळं काढून टाकलेलं. आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा, सहा ठिकाणी तळाला वेल्ड केलेला. पाच पट्ट्यांचा बेल्ट एक. आग विझवायचं नळकांडं एक, त्यावरची तारीख उलटून गेलेली. हेल्मेटं दोन. ऑइलचे रिकामे डबे अकरा. एका पीव्हीसी पाइपात काठ्यांना गुंडाळलेले सात झेंडे. बॉनेटवर कोंबडी एक. तिला उठवल्यावर कळलं की खाली अंडं नव्हतं.

हे सगळं मी फोनमध्ये टिपून घेत होते तेव्हा गाडीचे मालक उदयसिंह दारात खुर्ची टाकून बसले होते.

“जनगणनेला आलाय जणू,” ते म्हणाले. “कोंबडी पन धरली का त्यात?”

“धरली,” मी म्हणाले.

“मग बराबर. शेजारच्यानं इचारलं तर सांगायला बरं.”

माळशिरसच्या बाहेर उसाच्या पट्ट्यात त्यांचं शेड होतं. तरुणपणी उदयसिंह ही एस्टीम घेऊन दक्षिणेतल्या ट्रॅकवर हौशी शर्यतींत उतरायचे. गाडी शर्यतीसाठीच बांधलेली, रस्त्यावर चालवता न येणारी. आता त्यांचं पोट सुटलं होतं आणि गुडघे गेले होते. “पिंजऱ्यातनं आत शिरीन की,” ते म्हणाले, “पन भाईर काढायला क्रेन मागवावी लागंल.”

गाडी माझ्या भावाला हवी होती. सुमितदादा एकतीस वर्षांचा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तो सुताच्या गोडाऊनचा सुपरवायझर आहे. वडील गेले तेव्हा तो डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता; डिप्लोमा तिथेच राहिला. गेली सहा वर्षं महिन्यातून दोन रविवार तो एसटीने कोल्हापूरला जाऊन शर्यतीच्या भाड्याच्या गो-कार्ट चालवतो. आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये टीव्हीवरच्या फळीवर तिथे जिंकलेले प्लास्टिकचे नऊ कप आहेत, आणि त्या नऊही कपांत आईने सुया, बटणं आणि रबरबँड ठेवले आहेत. दक्षिणेतला तो ट्रॅक दादाने कधी पाहिलेला नाही, पण तो त्याला पाठ आहे. जेवताना मध्येच हात थांबला की समजायचं, हा आता तिसऱ्या वळणावर आहे. जानेवारीत तिथे नवख्या चालकांची फेरी होती आणि त्याने नाव नोंदवलं होतं. तो आयुष्यात एक खरी शर्यत धावणार होता, आणि तिच्यासाठी परवडेल अशी गाडी ही एकच होती.

मी बुद्धप्रिया, घरची पिऊ, त्याची धाकटी बहीण. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मला आणण्याचं कारण इतकंच की दादाचा माझ्या मोजण्यावर विश्वास आहे. तिसरा नागप्पा, दादाचा मित्र. कुंभारीला त्याचं गॅरेज आहे. तो मूळचा अक्कलकोटकडचा, बोलता बोलता कानडीत शिरतो आणि परत येतो.

आम्ही चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासलं. आकडे एकमेकांच्या जवळ होते. पिंजऱ्याच्या पाइपाला तपासणीसाठी पाडलेलं भोक होतं, त्यातून मी व्हर्नियरने जाडी मोजली. अडीच मिलिमीटर भरली, जेवढी हवी तेवढीच. उदयसिंहांनी डॅशबोर्डच्या जागी बसवलेल्या पत्र्याखालून दोन वायरी ओढून दाखवल्या.

“ह्यातली हिरवी पंख्याची. तांबडी मेन. चालू गाडीत तांबडीला हात लावायचा न्हाय.”

“डावीकडची का उजवीकडची?” दादाने विचारलं.

“तांबडी म्हनलं की.”

“डावीकडची,” नागप्पा म्हणाला. दादाने खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली, डावीकडच्या वायरीला गुंडाळली आणि त्यावर पेनाने एकचा आकडा काढला.

मला ती शिस्त वाटली. गोडाऊनमध्ये हीच पद्धत असते. सुताच्या प्रत्येक बाचक्याला रंगछटेच्या नंबरची चिठ्ठी असते, प्रत्येक नंबरची मांडणी ठरलेली असते, आणि तिथे रंगाचं नाव कुणी घेत नाही. ‘गुलाबी आण’ म्हटलं तर माणूस पाच प्रकारचं गुलाबी घेऊन येईल; ‘दोनशे चार आण’ म्हटलं की एकच येतं. सगळेच नंबराने बोलतात. दादाचे मित्र त्याला चिडवतात की बायको बघायला गेलास तर साडी एकशे सतरा नंबरची होती म्हणून सांगशील.

शेडच्या शेजारीच उसाचा वजनकाटा होता. मी तिथे गाडीचं वजन करायला लावलं: आधी पूर्ण गाडी, मग नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून तीनदा डोकं बाहेर काढलं.

“ताई, ऊस कुटं हाय?”

“ऊस नाही. गाडीचंच वजन हवंय.”

“रिकाम्या गाडीचं?”

“व्हय रं, रिकाम्याच,” उदयसिंह ओरडले. “शिकल्याली मानसं हाइत. तू काटा बघ.”

पुढे पाचशे चाळीस, मागे तीनशे तीस, एकूण आठशे सत्तर किलो. बेरीज जुळली. दादा काट्यावर उभ्या असलेल्या गाडीत बसून होता, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, आणि गाडी नागप्पाच्या पिकअपवर चढवायची वेळ झाली तरी उतरेना.

“एक सांगतो पावनं,” उदयसिंह त्याला म्हणाले. “पळवणार असला तरच न्या. शेडात ठिवून कोंबड्या बशिवनार असला तर आमच्या कोंबड्या काय वाईट हाइत? न्हाय जमलं तर माघारी आना, मी घिईन.”

“पळवणारच,” दादा म्हणाला.

मग त्यांनी झेंड्यांचा पाइप स्वतः आणून पिकअपमध्ये टाकला. “हे बी घिऊन जावा. ट्रॅकवर मानसाचं बोलनं ऐकू येत न्हाय. झेंडा तेवढा बोलतो. हिरवा म्हंजे रस्ता मोकळा, दाबा. लाल म्हंजे गप थांबायचं, म्होरं कोन तरी पडल्यालं हाय. ह्यात चूक न्हाय चालत. बाकी सगळ्यात चालती.”

“सगळे पाठ आहेत,” दादा म्हणाला.

आणि ते खरं होतं. फोनमधल्या चित्रांवरून त्याने सगळे पाठ केले होते. चित्रांखाली नावं होती.

कुंभारीला नागप्पाच्या गॅरेजमागे मोठा मोकळा माळ आहे. मालकाला विचारून आम्ही तिथे वाळूची पोती मांडून एक लांबट गोल आखला. रविवारी सकाळी दादा गाडी चालवायचा, नागप्पा इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि मी घड्याळ लावायचे. दादा चांगला चालवतो. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. एकामागून एक दहा फेऱ्यांच्या वेळांमध्ये अर्ध्या सेकंदाचाही फरक नसायचा. उतरला की त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला असायचा आणि तो कधी नाही इतकं बोलायचा, तेही सगळं दुसऱ्या गिअरबद्दल.

तिसऱ्या रविवारी आम्ही झेंडे काढले. उन्हाने आणि धुळीने विटले होते, पण ओळखता येत होते. मी वळणाच्या आधी उभी राहून एकेक दाखवत होते. पिवळा दाखवला, त्याने वेग कमी केला. काळापांढरा चौकटींचा दाखवला, त्याने मूठ वर केली. निळा दाखवला, तो बाजूला झाला. मग एक पोतं फाटलेलं दिसलं म्हणून नागप्पा ते उचलायला वळणाच्या पलीकडे मधोमध गेला, आणि मी लाल झेंडा वर करून जोरात हलवला.

दादाने झेंड्याकडे पाहिलं, मला हात केला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

ब्रेक त्याने नागप्पा दिसल्यावर मारला. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि नागप्पापासून एका गाडीच्या लांबीवर थांबली. धूळ हळूहळू खाली बसली. नागप्पा पोतं छातीशी धरून तसाच उभा होता.

“यप्पा,” तो शेवटी म्हणाला. “माझं लगीन व्हायचंय की अजून.”

“तू मधे का गेलास?” दादा खाली उतरून म्हणाला. “आणि पिऊ, तू हिरवा का दाखवलास?”

“लाल होता, दादा.”

“हिरवा होता की.”

मी झेंडा त्याच्यासमोर धरला. त्याने झेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग नागप्पाच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग म्हणाला, “हां. लाल. धुळीत दिसला नाही.”

मला धुळीचं कारण पटलं असतं. पण त्या तीन नजरांचा क्रम पटला नाही.

घरी आल्यावर मी एकेक गोष्ट आठवायला लागले. रंगाच्या दुकानात गाडीच्या पट्ट्यासाठी त्याने रंग सांगितला नव्हता, डब्यावरचा नंबर सांगितला होता. सिग्नलला तो थांबतो तेव्हा वरचा दिवा लागलेला असतो आणि निघतो तेव्हा खालचा. कोल्हापूरच्या कार्टच्या ट्रॅकवरही दिवे असेच एकाखाली एक आहेत. टोमॅटो तो आणत नाही, आई आणते. यातली एकही गोष्ट एकेकटी घेतली तर काहीच सांगत नव्हती. फोनवर मला ठिपक्यांच्या चित्रांची चाचणी सापडली, ज्यात लाल-हिरव्या ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो. मी पहिलं चित्र त्याच्यासमोर धरलं. बारा, तो म्हणाला. ते सगळ्यांनाच दिसतं. दुसऱ्या चित्राकडे तो बराच वेळ बघत राहिला.

“ह्यात काय आहे?” त्याने विचारलं.

“आठ.”

“कुठं?”

मी बोटाने आठ गिरवून दाखवला. तो बोटाकडे बघत होता.

आई स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि खाली बसली. माझी आई वच्छला, तिला बसल्याशिवाय गंभीर बोलता येत नाही.

“त्याला न्हाय दिसत,” ती म्हणाली. “तांबडं आन् हिरवं त्याला येकच दिसतंय. ल्हानपनापासनं.”

“तुला माहीत होतं?”

“मला कळंना व्हय? माझं लेकरू हाय ते.”

“मग डॉक्टरला का नाही दाखवलं?”

“कशाला? त्यानं काय अडलं त्याचं? साळंत खडूच्या डबीत मी खुना करून द्यायची. कापडाच्या दुकानात मी डोळ्यानं सांगायची. नंबरावर तर चाललंय की सगळं.” तिने पुसलेले हात पुन्हा पुसले. “तुमच्या आज्ज्याचं बी तसंच हुतं.”

आजोबांबद्दल, म्हणजे आईच्या वडिलांबद्दल, आमच्या घरात एकच गोष्ट सांगितली जायची. महिपती आजोबा सुताच्या रंगाईच्या कारखान्यात होते, एक दिवस पिऊन कामावर गेले, हिरव्या सुताच्या ढिगात लाल सूत मिसळून अख्खा माल घालवला आणि त्यांना हाकलून दिलं. पुढे ते दारूतच गेले.

“तवा पीत न्हव्हते ते,” आई म्हणाली. “थेंब न्हाय. चिठ्ठ्या भिजून गळून पडल्या हुत्या त्या दिवशी, नंबर न्हव्हता. मालकानं म्हनलं प्यालाय. माझ्या वडलांनी बी म्हनलं, व्हय, प्यालोय. डोळ्याचं सांगितलं असतं तर दुसरीकडं बी कुनी ठिवलं नसतं की कामावर. दारूचं म्हनल्यावर येखादा ठिवतोय. मग लोकं म्हनायला लागली बेवडा, बेवडा. मग प्यायला लागले.”

दादा खिडकीशी उभा होता. त्याची पाठ आमच्याकडे होती.

मी आईला समजावलं की हे डोळ्यांच्या आतल्या पेशींमुळे होतं, औषध नाही, चष्मा नाही. हे बहुतेक करून पुरुषांतच दिसतं, पण येतं आईकडून.

“माझ्याकडनं?” आईने विचारलं.

“हो.”

ती उठली आणि आत जाऊन पीठ मळायला लागली. त्या दिवशी पीठ बराच वेळ मळलं गेलं.

शर्यतीच्या लायसन्ससाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात रंग ओळखता येतात का हेही तपासतात. मला वाटलं, विषय इथे संपला. पण चार-पाच दिवसांनी कामावरून आले तर दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेले. आईच्या मांडीवर शेंगांचं सूप होतं आणि सुपाशेजारी फोन. ती शेंगा फोडत होती आणि पाढे घेतल्यासारखं विचारत होती.

“पयलं?”

“बारा.”

“दुसरं?”

“आठ.”

“म्होरं?”

“सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर.”

“चौऱ्याहत्तरनंतर थोडं थांबत जा. लगीच म्हनलास तर त्यांना संशय येतोय.”

“आई,” मी म्हणाले.

“नंबरच हाइत की, पिऊ,” ती वर न बघता म्हणाली. “रंग कुटं इचारत्यात? नंबर इचारत्यात. नंबर त्याला येत्यात.”

यावर उत्तर देणं सोपं होतं आणि मी ते दिलंही. मी म्हणाले, डॉक्टरच्या पानावर नंबर असतात, झेंड्यावर नसतात. नागप्पा एका गाडीच्या लांबीवर होता. ट्रॅकवर गाडीचा वेग माळावरच्या दुप्पट असेल. आईने दोनदा मान हलवली आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, “एक डाव पळू दे त्याला.”

शनिवारी दादा डॉक्टरकडे गेला. त्यांनी पुस्तकाची पानं छापलेल्या क्रमानेच उलटली. संध्याकाळी प्रमाणपत्र टीव्हीवरच्या फळीवर कपांच्या मागे उभं होतं. रंगदृष्टी: सामान्य. आईने त्यासमोर पेढा ठेवला नाही, पण पेढे आणलेले होते.

जेवण झाल्यावर दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“तू कुणाला सांगणार आहेस का?”

“मला माहीत नाही.”

“मी सराव केला तर? लाल जरा काळपट वाटतो मला कधी कधी. नीट बघितलं तर कळतं. मला वाटतं कळतं.” तो चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होता. “तू माप की. गाडीचं सगळं मापलंस तसं माझं माप. तू सांगशील तेवढे बरोबर आले तर जातो. नाही आले तर गाडी परत माळशिरसला.”

मी विचार करून अट सांगितली. फक्त लाल आणि हिरवा, शंभर मीटरवरून, वीस वेळा, प्रत्येकी दोन सेकंद. कोणता दाखवायचा हे नाणं उडवून ठरेल, म्हणजे क्रम लक्षात ठेवून उपयोग नाही. वीसपैकी अठरा आले पाहिजेत. डोळे मिटून उत्तरं दिली तरी साधारण दहा बरोबर येतात, म्हणून दहाला काही अर्थ नाही, आणि बारा-तेरालाही फारसा नाही.

“अठरा,” तो म्हणाला.

“खरं तर वीस हवेत, दादा. मी दोन सोडते आहे.”

“अठरा,” तो पुन्हा म्हणाला आणि हात पुढे केला. लहानपणी पैज लावताना करायचा तसा. मी हात मिळवला.

रविवारी आईही कुंभारीला आली. येते म्हणाली, भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली, आणि माळावर बाभळीच्या सावलीत तेलाचा रिकामा डबा उलटा घालून बसली. आकाश स्वच्छ होतं, ऊन माझ्या पाठीमागून नव्हतं, वारा कमी होता. मी टेपने शंभर मीटर मोजले. दादा गाडीत बसला, इंजिन बंद, काच धुतलेली. नागप्पा शेजारी उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसला, कारण तिथे सीट नव्हती. लिहिण्यात वेळ जाईल म्हणून तो फोनवर चित्रण करणार होता.

“माझं थोबाड घेऊ नको,” दादा म्हणाला.

“तुझंच घेतो. झेंडा तर मी बी बघतोय, त्याचं काय कौतुक.”

मी पिकअपच्या आडोशाला नाणं उडवायचे, झेंडा काढायचे, दोन सेकंद वर धरायचे आणि परत आडोशाला यायचे. गाडीतून दादाचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. विसावा झेंडा झाल्यावर नागप्पा गाडीतून बाहेर पडला आणि दोन्ही हात वर करून माझ्याकडे पळत आला. मी लिहून ठेवलेला क्रम आणि चित्रणात ऐकू येणारी उत्तरं आम्ही जुळवली.

वीसपैकी वीस.

नागप्पाने मला पाठीत धपाटा घातला आणि लगेच माफी मागितली. दादा दारात पाय बाहेर सोडून बसला होता. तो हसत नव्हता, मला वाटलं थकला असेल. मी पळत जाऊन त्याच्या खांद्यांना धरून हलवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्याला म्हणाले की माझं चुकलं, झेंडा खरंच धुळीत दिसला नसेल. आईने भाकरी सोडली. तिने माझ्या ताटात दोनदा चटणी वाढली.

वीसपैकी वीस फार चांगला आकडा होता. एवढा चांगला आकडा आला की मी प्रयोगशाळेत आधी बाटली तपासते, मग पाणी. जेवता जेवता मी नागप्पाच्या फोनवरचं चित्रण लावलं. पहिला झेंडा: दादा समोर बघतो, मग मान थोडी उजवीकडे वळते, मग म्हणतो, लाल. दुसरा: समोर, उजवीकडे, हिरवा. तिसरा: समोर, उजवीकडे, हिरवा. मी सातव्यापर्यंत पाहिलं. उजवीकडे खिडकी होती. खिडकीबाहेर, माझ्या बाजूच्या अर्ध्या वाटेवर, बाभूळ होती.

चित्रणाच्या एका कोपऱ्यात, दादाच्या कोपराच्या वर, आई दिसत होती, नखाएवढी. लालला ती डोक्यावर पदर घ्यायची. हिरव्याला पदर खांद्यावर असायचा.

मी फोन खाली ठेवला. दादाने भाकरीचा तुकडा मोडला होता आणि तो खात नव्हता.

“तुमचं ठरलं होतं?” मी विचारलं.

दादाने मान हलवली, नाही म्हणून.

“ठरलं न्हव्हतं काही,” आई म्हणाली. “त्याला सवय हाय माझ्याकडं बघायची. आन् मला सांगायची.”

“मी समोरच बघणार होतो,” दादा म्हणाला. “पहिल्या वेळी समोरच बघितलं, पिऊ. मला वाटलं, आता कळेल.” त्याने तुकडा परत ताटात ठेवला. “पुन्हा घे.”

“आज नको.”

“आजच घे.”

नागप्पा तेवढ्यात कानडीत काहीतरी स्वतःशी म्हणाला आणि पाण्याची बाटली घेऊन गाडीची काच पुन्हा धुवायला लागला. ती स्वच्छच होती. आई उठली. मी तिला काही सांगितलं नाही. ती स्वतःच डबा उचलून गॅरेजच्या मागे गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पदर तोंडात धरला. तिथून ना गाडी दिसत होती ना मी.

दादा गाडीत बसला. त्याने हेल्मेट घातलं, जे पहिल्या वेळी घातलं नव्हतं, आणि पाचही पट्टे आवळून घेतले. मान आता फारशी वळली नसती. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी टेप पुन्हा ताणून बघितला: शंभर मीटर. ऊन थोडं उतरलं होतं, पण झेंडे नीट दिसत होते. मी माझ्या बाजूने तीनदा खात्री केली.

मी नाणं उडवलं. झेंडा वर धरताना या वेळी मला गाडीची पुढची काच आणि त्यामागचं पांढरं हेल्मेट दिसत होतं. ते पूर्ण वेळ सरळ माझ्याकडे होतं. प्रत्येक झेंड्यानंतर उत्तर यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. नागप्पा ‘पुढचा’ म्हणून हात करायचा तेव्हा मला ते कळायचं. बाराव्या झेंड्याला हात वर यायला इतका वेळ लागला की मला वाटलं दादा उतरतोय. तो उतरला नाही. पंधराव्याला नागप्पाने हात केला तो खांद्याच्या वर गेला नाही.

विसावा झेंडा मी खाली घेतला, दोन्ही झेंडे काठ्यांना गुंडाळले आणि पाइपात परत घातले. मग गाडीपाशी गेले. नागप्पाने फोन माझ्या हातात दिला आणि तो माळाच्या कडेला जाऊन उभा राहिला. दादाने हेल्मेट काढलं नव्हतं. मी चित्रण सुरुवातीपासून लावलं आणि एकेक उत्तर माझ्या क्रमाशी जुळवलं. मग पुन्हा एकदा जुळवलं. दादा काचेतून बघत वाट पाहत होता.

“किती?” त्याने विचारलं.

वीसपैकी अकरा.